निकेलची पट्टी

धातू तपासायच्या प्रयोगशाळेत वहिनींची सगळी नोकरी झाली. तिथे येणारा प्रत्येक नमुना आपण अमुक आहोत असं सांगत यायचा आणि बऱ्याचदा भलतंच निघायचा. गठ्ठ्यातले वरचे गज अस्सल आणि खालचे भंगार वितळवून ओढलेले, हे तर रोजचंच. त्यामुळे कोणी काही हातात दिलं की आधी ते उलटं करून बघायची त्यांना सवय लागली होती. त्यांचा नवरा पाहुण्यांना सांगायचा, "लग्नात मी हिच्या बोटात अंगठी घातली, तर ही कानस कुठे मिळेल ते बघत होती." वहिनी हसायच्या. खोटं आहे असं काही म्हणायच्या नाहीत.

प्रयोगशाळा सुटल्यावर त्यांना घरात बसवेना. तेव्हा नवऱ्याच्या धाकट्या भावानं, म्हणजे भाऊजींनी, त्यांना आपल्या कारखान्यात नेलं. जुन्या धावपट्टीच्या कडेला पत्र्याच्या दोन शेड होत्या. एका शेडमध्ये इंजिनं जुळवली जायची आणि दुसरीत, जाड भिंतींच्या खोलीत, भाऊजी ती चालवून बघायचे. भाऊजी "वहिनी" म्हणायचे म्हणून मालकही वहिनी म्हणू लागले, मग वेल्डर, मग फाटकावरचा पहारेकरी. महिन्याभरात त्यांचं खरं नाव कारखान्यात कोणाला आठवेना.

कारखान्याचा उद्योग एकच होता, दोन माणसं बसतील एवढ्या छोट्या विमानाचं इंजिन बनवायचं. इंजिन मात्र जरा वेगळं. त्यात पिस्टन खालीवर होत नाहीत. तीन कोपऱ्यांचा एक जाड रोटर डब्यात गरगर फिरतो. हलकं, गुळगुळीत चालणारं, मुठीएवढ्या जागेत मावणारं. खोड होती ती त्याच्या धुराची. साध्या इंजिनात जळलेला वायू झडपेतून वाट काढतो, तोवर थोडा निवतो. इथे झडपच नाही. भोक उघडलं की आग थेट नळीत. चाचणीच्या खोलीतला दिवा मालवला की एक्झॉस्टची नळी पिकल्या संत्र्यासारखी दिसायची.

साध्या पोलादाची पहिली नळी खपल्या पडून गेली. नेहमीच्या स्टेनलेसची दुसरी नळी वेल्डच्या कडेनं चिरली. जमिनीवर चिरली म्हणून बरं. वर आकाशात नळी फुटली आणि ती आग कव्हराखाली शिरली, तर गाडी बाजूला घेऊन उतरायची सोय नसते. मालकांनी वहिनींना सांगितलं, "मला एवढंच सांगा, कोणता धातू टिकेल. बाकी कशात तुम्हाला पडायचं नाही."

वहिनींनी चार धातूंच्या बोटभर पट्ट्या कापल्या. पोलाद, साधं स्टेनलेस, टायटॅनियम मिसळलेलं स्टेनलेस, आणि निकेलचा मिश्रधातू. प्रत्येकीवर अक्षर ठोकलं, जाळीच्या पिंजऱ्यात चिमट्यांनी आवळल्या आणि पिंजरा इंजिनाच्या तोंडाशी, जिथे आग सगळ्यात जास्त, तिथे नळीत बसवला. इंजिन भाऊजी चालवणार होते. निकालाची वहिनींना फारशी उत्सुकता नव्हती. पोलाद जाणार आणि निकेल राहणार, हे शाळेच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. टायटॅनियमवालं स्टेनलेस हलकं, वाकवायला सोपं. ते निकेलच्या किती जवळ येतं, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पिंजरा उघडला तेव्हा पोलाद गेलंच होतं. साधं स्टेनलेस वाकडं झालं होतं. टायटॅनियमवालं जरा काळवंडलेलं, पण धड. आणि निकेलच्या जागेची पट्टी उंदरांनी कुरतडल्यासारखी. कडा खाल्लेल्या, पाठीवर काळे फुगे, आणि ठोकलेलं अक्षर त्या फुग्यांत कुठेतरी गडप.

"ही निकेलची?" वहिनींनी विचारलं.

"तुम्हीच लावलीत ना वहिनी," भाऊजी म्हणाले.

"मी लावली तेव्हा निकेलची होती."

यावर भाऊजी हसतील किंवा चिडतील असं त्यांना वाटलं होतं. पण भाऊजींनी पट्टीकडेही पाहिलं नाही. काचेपलीकडे मालकांच्या खोलीचं दार होतं, तिकडे एकदा पाहिलं आणि हात पुसत निघून गेले.

वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

ज्या पत्र्यातून पट्टी कापली होती त्याचा एक तुकडा घेऊन त्या आपल्या जुन्या प्रयोगशाळेत गेल्या. तिथल्या माणसानं धातू ओळखणाऱ्या यंत्राचं पिस्तूल टेकवलं आणि आकडे दाखवले. पत्रा अस्सल होता. म्हणजे पत्रेवाल्यानं फसवलं नव्हतं. मग नळीत जळाली ती पट्टी कुठली? घरी परत येताना त्यांनी सरळ हिशेब मांडला. पत्रा खरा, आणि जळालेली पट्टी निकेलसारखी वागली नाही. म्हणजे मध्ये कोणीतरी ती बदलली. चाचणीच्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे होती, भाऊजींकडे.

एकदा हे मनात बसल्यावर बाकीचं आपोआप जुळत गेलं. टायटॅनियमवालं स्टेनलेस ज्या दुकानातून यायचं त्या दुकानदाराबरोबर भाऊजी शाळेत एका बाकावर बसलेले. निकेल नापास झालं तर सगळी मागणी त्या दुकानाकडे जाणार. दोनच दिवसांपूर्वी भाऊजींनी त्याच्याशी फोनवर बोलताना "बघू, होईल आपलं काम" असं म्हटलेलं वहिनींनी जिन्यात ऐकलं होतं. तेव्हा ते वाक्य साधं होतं. आता त्याला शेपूट फुटलं.

आणखी एक गोष्ट. शेडच्या मागे पेट्रोलची टाकी होती. एका दुपारी वहिनी तिकडून जात असताना त्यांना भाऊजी आणि मालक दिसले. भाऊजी हात हलवून काहीतरी सांगत होते, मालक मान हलवत होते. वहिनींना पाहताच दोघंही गप्प झाले, आणि मालकांनी टाकीजवळच्या कपाटाचं दार पायानं लोटलं.

"काय चाललंय?" वहिनींनी सहज आवाजात विचारलं.

"काही नाही, हवापाणी," मालक म्हणाले.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला जरा सांगायचं..." मालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगू की. आधी आपलं ठरू दे." आणि त्यांना घेऊन आत गेले.

कुठेतरी पाणी मुरतंय हे वहिनींना कळलं. कुठे मुरतंय हेही आपल्याला कळलं, असं त्यांना वाटलं. मालकांना वेगळा फायदा दाखवून भाऊजी आपल्या मित्राचा माल खपवताहेत, असा त्यांचा अंदाज होता.

घर एकच होतं. खाली वहिनी आणि त्यांचा नवरा, वर भाऊजी आणि त्यांची बायको. जेवणं वेगळी, पण रविवारची सकाळ एकत्र. त्या रविवारी भाऊजींनी मोठ्या भावाच्या कपात चहा ओतला, वहिनींच्या कपात ओतला, आणि वहिनी त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या. या हातांनी चिमटा सोडवला असेल का? भाऊजींनी वर पाहिलं. "काय झालं वहिनी?" "काही नाही. साखर कमी आहे." भाऊजींनी साखरेचा डबा पुढे केला.

रात्री त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "त्याला विचार ना."

"चोराला विचारायचं, चोरी केलीस का?"

"चोर कोण ते ठरलं वाटतं." तो कूस बदलून झोपला.

वहिनींनी भाऊजींना विचारलं नाही. त्यांनी नव्या पट्ट्या कापल्या. या वेळी चिमट्याच्या जबड्यात झाकल्या जाणाऱ्या टोकाला, आग पोचणार नाही अशा जागी, कानशीनं केसाएवढी तिरकी खाच घातली. पट्टी बदलली तर खाच जाईल. मग त्या मालकांकडे गेल्या आणि दार लावून घेतलं.

मालक ऐकत होते आणि पेन्सिल टेबलावर आपटत होते. भाऊजींचं नाव आल्यावर पेन्सिल थांबली.

"तुमची खात्री आहे?"

"खात्री झाल्यावर सांगेन. पुढच्या चाचणीत कळेल."

"अहो, पण असं असेल तर त्याला तिथे ठेवायचंच कशाला?" मालक एकदम हलके झाल्यासारखे बोलले. "त्याला सामानाच्या खोलीत टाकतो. पुढची चाचणी मी स्वतः चालवीन. घरचा माणूस आहे, तुम्हाला अवघड वाटेल. मी तुमचं नाव घेणार नाही."

वहिनींना बरं वाटायला हवं होतं. पण आपण अजून पुरावा मागतोय आणि हा माणूस शिक्षा सुनावून मोकळा झाला, हे त्यांना खटकलं. दाराबाहेर येऊन त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी स्वतःलाच समजावलं, मालकाला नुकसानीची भीती, म्हणून घाई.

भाऊजींकडून किल्ली काढून घेतली. त्यांनी काही कारण विचारलं नाही. त्या संध्याकाळी ते नेहमीसारखे वहिनींबरोबर घरी यायला थांबले नाहीत, एकटे चालत गेले. मालकांनी नाव घेतलं नव्हतं हे खरं असेलही. पण किल्ली कोणाच्या सांगण्यावरून गेली हे कळायला भाऊजी काही दूधखुळे नव्हते.

दुसऱ्या दिवशी जिन्यात जाऊ भेटली. ती हातातली बादली खाली ठेवून म्हणाली, "ताई, तुमच्या दिराचं कारखान्यात काय बिनसलं हो? मला काही सांगत नाहीत. तुम्ही तिथेच असता, म्हणून विचारते."

"मला नीटसं माहीत नाही," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत नाही?" जावेनं त्यांच्याकडे एक नजर टाकली, बादली उचलली आणि वर गेली. पुढच्या रविवारी वरून चहाला कोणी उतरलं नाही.

चाचणी मालकांनी चालवली. भाऊजी सामानाच्या खोलीत नट-बोल्ट निवडत होते. इंजिन थांबलं, नळी निवली, आणि वहिनींनी स्वतःच्या हातानं पिंजरा उघडला.

निकेलची पट्टी पुन्हा कुरतडलेली होती, आधीपेक्षा जास्तच. वहिनींनी चिमटा सोडवला, टोक पुसलं आणि भिंगाखाली धरलं. तिरकी खाच होती तशी होती. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. खाच त्यांच्याच हाताची होती.

पट्टी कोणी बदलली नव्हती. याही वेळी नाही आणि बहुधा आधीही नाही.

खुर्चीत बसल्यावर त्यांना पहिल्यांदा पट्टी दिसली, म्हणजे खऱ्या अर्थानं दिसली. आजवर त्या पट्टीतून माणूसच शोधत होत्या. फुगे कसे आलेत, कडा कशा गेल्यात, हे बघायला हवं होतं ते बघितलंच नव्हतं. उष्णतेनं जळालेला धातू असा दिसत नाही. याला काहीतरी चावलं होतं. त्यांनी फडताळातून आम्लाची बाटली काढली आणि काळ्या खपलीवर एक थेंब सोडला. खपली फसफसली आणि सडक्या अंड्याचा वास नाकात शिरला.

गंधक. गंधक आणि निकेल तापून एकत्र आले की त्यांचं जे बनतं ते फार लवकर वितळतं आणि धातूच्या कणाकणाच्या सांध्यांत शिरतं. पट्टी जेवढी निकेलनं श्रीमंत, तेवढी लवकर मरते. टायटॅनियमवाल्या स्टेनलेसमध्ये निकेल थोडंच, म्हणून ती पट्टी तगली. प्रयोगशाळेत हे त्यांनी दुसऱ्यांना कितीदा तरी समजावून सांगितलं होतं. मनात एक चोर पक्का केला होता, म्हणून दुसरं काही सुचलंच नव्हतं.

आता गंधक आलं कुठून? पेट्रोल त्यांनी आधीच तपासलेलं, ते स्वच्छ होतं. उरलं तेल. या इंजिनात रोटरच्या टोकांच्या पट्ट्या, ज्यांना सगळे सील म्हणायचे, त्या घासू नयेत म्हणून पेट्रोलबरोबर थोडं तेल जाळावंच लागतं. कोणतं तेल, हे इंजिन मागवणाऱ्या गिऱ्हाइकानं ठरवून दिलेलं होतं.

त्या उठून टाकीकडे गेल्या. कपाट बंद होतं, पण कडी नुसती अडकवलेली. आत ठरलेल्या तेलाचे डबे धूळ खात होते, एकदाही न उघडलेले. त्यांच्यामागे एक अर्धा डबा. झाकण उघडताच वास आला, ट्रकच्या गिअरबॉक्सचं घट्ट तेल. दातांवर दात घासू नयेत म्हणून त्यात मुद्दाम गंधक घातलेलं असतं.

मालक मागे येऊन उभे राहिले होते, ते त्यांना उशिरा कळलं.

"सील लवकर झिजत होते," मालक म्हणाले. "या तेलानं टिकतात. गिऱ्हाईक इंजिन न्यायला येणार, त्याच्यासमोर सील गेले तर पुन्हा दारात उभं राहणार नाही. थोडंसं घालत होतो."

"मला सांगितलं नाहीत."

"तुमचं काम नळीचं. तेलानं पत्रा खराब होतो हे मला कसं ठाऊक असणार?"

"ते ठाऊक नसेल," वहिनी म्हणाल्या. "पण लपवायचं आहे हे ठाऊक होतं. भाऊजींना कळलं होतं, हो ना?"

मालकांनी डब्याचं झाकण लावलं. "तो म्हणत होता, वहिनींना सांगा, नाहीतर मी सांगतो. मी म्हटलं, सांगू. थोडं थांब."

"आणि मग मी तुमच्याकडे त्यांचं नाव घेऊन आले."

वहिनींना मालकांच्या खोलीतली ती थांबलेली पेन्सिल आठवली. हा माणूस तेव्हा हलका का झाला होता, हे आता कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर त्यांनी स्वतः विणून आणून दिला होता.

सामानाच्या खोलीत भाऊजी उकिडवे बसून वायसर वेगळे करत होते. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून त्यांनी पट्टीच पुढे केली.

"गंधक आहे. तेलातलं."

"मला वाटलंच होतं, तेलाचं काहीतरी आहे," भाऊजी म्हणाले. "गंधक वगैरे मला कळत नाही. पण त्या तेलाचा धूर वेगळा यायचा."

"मग मला का नाही सांगितलंत? एका घरात राहतो आपण."

"सांगणारच होतो. मालकांनी चार दिवस मागितले होते. चार दिवसांत माझी किल्ली गेली." त्यांनी एक वायसर बोटावर फिरवला, डब्यात टाकला. "मग वाटलं, वहिनींनी ठरवलंच आहे तर ठरवू दे. तुम्ही मला विचारायचं होतं. तुम्ही मालकांना विचारलंत."

"मला वाटलं, तुमचा तो दुकानदार मित्र..."

"त्याच्या मुलीसाठी जागा बघतोय भाड्यानं. आपल्या गल्लीत." भाऊजी त्यांच्याकडे न बघता हसले, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. "त्याचा पत्रा खपवायला मी तुमच्या पट्ट्या बदलीन. एवढं डोकं मला असतं तर मी नट निवडत बसलो नसतो."

वहिनी म्हणाल्या, "माझं चुकलं."

"हो," भाऊजी म्हणाले आणि पुढचा डबा ओढला.

त्यानंतर वहिनींनी जे केलं ते मालकांना आवडलं नाही. त्यांनी सांगितलं, की गिऱ्हाइकाच्या माणसाला तेलाची गोष्ट मी सांगणार. तुम्ही आधी सांगितलीत तर तुमचं बरं दिसेल. मालकांनी समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिला, मग पत्र्यातच खोट होती असं म्हणू या असंही सुचवलं. वहिनी म्हणाल्या, "पत्रा खरा असल्याचं मी तपासून आणलंय. आता पत्रेवाल्याच्या गळ्यात नका घालू. एकाच्या गळ्यात घालून झालंय." शेवटी मालकांनीच गिऱ्हाइकाला कळवलं. तो माणूस रागावला, पण इंजिन त्यानं सोडलं नाही. सील बदलून ठरलेल्या तेलावर पुन्हा चाचणी घ्या, म्हणाला.

दुसरी गोष्ट त्यांनी मागितली ती भाऊजींसाठी. सगळ्या शेडसमोर मालकांनी सांगावं की भाऊजींकडून काही चुकलं नव्हतं. मालकांनी जेवणाच्या सुट्टीत, अर्धे लोक हात धुवायला गेलेले असताना, दोन वाक्यांत ते उरकलं. किल्ली परत दिली. वेल्डर नंतर म्हणाला, "मालकांनी माफी मागितली की हवामान सांगितलं?" पण भाऊजी चाचणीच्या खोलीत परत गेले.

ठरलेल्या तेलावर निकेलची पट्टी चकचकीत राहिली नाही, पण धड राहिली, सगळ्यांत धड. टायटॅनियमवालं स्टेनलेस तिच्या पाठोपाठ. वहिनींनी विचार करून ठरवलं, की इंजिनाच्या तोंडाशी, जिथे आग थेट आपटते, तिथला आखूड गळा निकेलचा, आणि पुढची लांब नळी टायटॅनियमवाल्या स्टेनलेसची. दोन्हींच्या मध्ये सरकता सांधा, म्हणजे तापल्यावर वाढायला जागा राहील. पण उद्या एखाद्या वैमानिकानं हाताला येईल ते तेल ओतलं तर? निकेलचा गळा आतून खाल्ला जाईल आणि बाहेरून कळणारही नाही. यावर त्या बरेच दिवस घुटमळल्या. शेवटी गळासुद्धा जाड स्टेनलेसचाच केला. थोडा लवकर झिजेल, वजनही थोडं वाढेल, पण झिजताना दिसेल. मालकांनी विचारलं, "सगळ्यात चांगला धातू हाताशी असताना दुसरा का?" वहिनी म्हणाल्या, "तेल कोण घालणार हे आपल्याला माहीत नाही म्हणून."

नवी नळी भाऊजींनी चालवली. काचेपलीकडे ती संत्र्याच्या रंगावर आली, तशीच राहिली आणि इंजिन थांबल्यावर सावकाश काळी पडली. चीर नव्हती. गिऱ्हाइकाच्या माणसानं आरसा घालून आतून बघितलं आणि मान डोलावली.

घरी रविवारचा चहा पुन्हा सुरू झाला. जाऊ आधी काही रविवार डोकं दुखतंय म्हणून उतरली नाही, मग उतरली. ती आता वहिनींशी हवामान, भाडी, भाजी यांवर बोलायची. नवऱ्याच्या नोकरीबद्दल तिनं त्यांना पुन्हा कधी काही विचारलं नाही.

आणि कारखान्यात भाऊजींनी एक नवी पद्धत सुरू केली. चाचणीआधी ते पिंजरा घेऊन वहिनींच्या टेबलाशी यायचे, प्रत्येक पट्टी उलटसुलट करून त्यांच्यासमोर धरायचे, आणि चाचणी झाली की चिमटे सोडवायच्या आधी पुन्हा यायचे. "बघून घ्या, वहिनी." आवाजात टोमणा नसायचा. टोमणा असता तर वहिनींना उत्तर देता आलं असतं.

एकदा त्या म्हणाल्या, "भाऊजी, आता पुरे झालं हो. तुम्हीच लावा आणि तुम्हीच काढा. मला नाही बघायचं."

"नको, वहिनी," भाऊजी म्हणाले. "बघितलेलं बरं असतं."

त्यांनी पिंजरा टेबलावर ठेवला आणि वहिनी चष्मा लावेपर्यंत वाट बघत उभे राहिले.